आमची भिंत टीव्हीवर आली तेव्हा

रविवारी सकाळी साडेदहा ते साडेअकरा आमच्या घरात मिक्सर लावायला बंदी होती. ती मीच घातली होती. त्या तासात एका हिंदी वाहिनीवर घरदुरुस्तीचा कार्यक्रम लागायचा आणि तो मी देवळात बसावं तसा बसून बघायचो.

कार्यक्रम चालवणारा माणूस पन्नाशीचा असेल. चौकटीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानांजवळचे केस शोभतील इतकेच पांढरे. कमरेला चामडी पट्टा आणि त्यात हातोडी, पाना, टेप असं सगळं अडकवलेलं. कुणाच्या तरी गळक्या घरात तो शिरायचा, बूट दाराशी काढायचा, सरळ ओल्या भिंतीपाशी जायचा आणि तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचा. घरातली माणसं श्वास रोखून उभी राहायची. मग तो हळूच म्हणायचा, "ये दीवार बहुत दिनों से कुछ कहना चाहती है।" एवढ्यावर त्या घरातल्या बाईला रडू फुटायचं. एकदा मलाही फुटलं होतं.

ब्रेकच्या आधी भिंत खरवडलेली असायची आणि ब्रेकनंतर रंगवलेली. मधलं काम कोण करतं, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. आईला मात्र पहिल्याच रविवारी शंका आली. आम्ही मूळचे खानदेशातले, आई अजून अहिराणीच बोलते. ती चष्मा सावरून म्हणाली, "ह्या मानूसना हात कधी घान व्हतस नही का रे, भाऊ?"

मी तिला समजावलं, की ज्याला कसब असतं त्याचे हात घाण होत नाहीत. हे सांगताना माझी स्वतःची नखं निळी होती. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी अठरा वर्षं रंग जुळवायचं काम करतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणून टाकतं आणि तस्साच रंग मी प्रयोगशाळेत काढून देतो. मोरपंखी आणि त्याहून एक छटा गडद मोरपंखी, यांतला फरक मला ट्यूबलाइटखाली वेगळा दिसतो आणि उन्हात वेगळा. मिलमध्ये माझ्या डोळ्यांना मान आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवतोय, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या डोळ्यांचा काहीच उपयोग झाला नाही.

बायको महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. त्या माणसाला ती "तुमचे गुरुजी" म्हणायची. गुरुजींच्या नादानं मी दिंडोलीतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती बोटांच्या पेरांनी ठोकून बघायला लागलो. ती म्हणाली, "अहो, ठोकून काय नारळ निवडताय?" मी लक्ष दिलं नाही. स्वयंपाकघरात एक फळी ठोकली, ती डाळींच्या बरण्यांसकट आठव्या दिवशी खाली आली. गुरुजी म्हणायचे की चूक हीच शाळा. मी तसं बायकोला सांगितलं. "मग आधी झाडू आणा," ती म्हणाली.

दिवाळीच्या सुमारास गुरुजींनी न्हाणीघरातली पाणी जायची जाळी नव्यानं बसवायला शिकवलं. "पाँच मिनट का काम है।" मला अख्खी दुपार लागली. जुनी जाळी निघता निघेना, म्हणून मी छिन्नी लावून तीन-चार जोरदार घाव घातले. आत कुठं तरी कट्ट असा आवाज झाला. जुनं सिमेंट सुटलं असणार, असं मला वाटलं. नवीन स्टीलची जाळी बसवली, भोवती व्हाइट सिमेंट भरलं, बोटानं गुळगुळीत केलं आणि चारही बाजूंनी फोटो काढले. ते फोटो मी मिलमधल्या सगळ्यांना दाखवले. जाळीचे फोटो एवढ्या अभिमानानं दाखवणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा.

संक्रांतीनंतर हॉलमधल्या भिंतीला ओल दिसायला लागली. ही भिंत न्हाणीघराला लागूनच आहे आणि आमचा टीव्ही तिच्यावरच टांगलेला आहे. आधी फरशीलगत हिरवट पट्टा आला, मग रंगाचे पोपडे सुटले, आणि होळीपर्यंत ओल गुडघ्याइतकी चढली. बायकोनं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लंबर बोलावला.

तो शहाद्याकडचा निघाला. पायात रबरी चपला, हत्यारं तांदळाच्या रिकाम्या पिशवीत. पट्टा नाही. आल्या आल्या आईशी त्याच्या अहिराणीत गप्पा सुरू झाल्या, कोण कुणाच्या गावचं ते निघालं, चहा झाला. मी मात्र त्याच्याशी हिंदीत बोललो. का, ते आता सांगायला अवघड वाटतं. आपल्याच भागातला माणूस जाणकार असेल यावर माझा विश्वास बसत नसावा, आणि हिंदीत बोललं की मी साहेब वाटतो असंही मला वाटत असावं.

तो भिंतीपाशी उकिडवा बसला, फक्त बघितलं. तळहात ठेवला नाही, डोळे मिटले नाहीत. मग न्हाणीघरात गेला, एक बादली पाणी ओतलं, आणि विचारलं, "साहेब, ही जाळी कोणी बसवली?"

"मैंने।"

"मग ती काढावी लागंल. ओल खालून वर चढतेय. वरच्या मजल्यावरून आली असती तर छताला दिसली असती."

मी त्याला गुरुजींचं सूत्र ऐकवलं. "पानी झूठ बोलता है। जहाँ दिखता है, वहाँ से आता नहीं।"

तो बादली जागेवर ठेवत म्हणाला, "पाणी कशाला खोटं बोलंल साहेब? त्याला काय कोर्टात जायचंय?"

मी "सोचके बताता हूँ" म्हणून त्याला वाटेला लावलं. बायको त्याच्यामागं दारापर्यंत गेली आणि त्याचा नंबर वहीत लिहून ठेवला. तिनं तो लिहून ठेवलेला मला आवडला नव्हता.

त्याच दिवशी मी भिंतीचा फोटो काढून कार्यक्रमाच्या नंबरावर पाठवला. प्रेक्षकांच्या भिंतींसाठी त्यात शेवटी एक छोटा भाग असायचा. पंधरा दिवसांनी एका मुलीचा फोन आला, की सर, आपली भिंत निवडली गेली आहे. मुलगी मेडिकलला लागल्यावर लोक जसे सांगत सुटतात, तसा मी सांगत सुटलो. मिलमध्ये सांगितलं, गावी भावाला सांगितलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, आणि रविवारी सगळ्यांना पोह्यांना बोलावलं.

सोळा-सतरा माणसं आली. सोसायटीचे प्रमुख आले, वरच्या मजल्यावरचे काकाही आले. काका गुजराती, कापड बाजारातून निवृत्त झालेले, घरात ते आणि काकी दोघंच. वयाचा मान म्हणून मी त्यांना टीव्हीसमोरची चांगली खुर्ची दिली होती.

आमची भिंत चाळीस सेकंद दिसली. टीव्हीत भिंत आणि टीव्हीच्या चारी बाजूंनी तीच भिंत, असं ते दृश्य होतं. खरी भिंत कुणीच बघत नव्हतं. गुरुजींनी मोठ्या पडद्यावरच्या फोटोला तळहात लावला आणि डोळे मिटले. फोटोला. तरीही आमच्या हॉलमध्ये सगळे पुढं सरकून बसले. मग ते म्हणाले, "सूरत के हमारे भाई, ये सीलन आपकी नहीं है। ये ऊपर से आ रही है। ऊपर वालों से प्यार से बात कीजिए।" लगेच त्यांच्या हातात वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचा डबा आला. तो दर रविवारी येतच असे.

आधी सगळ्यांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं. मग सगळ्यांनी काकांकडं पाहिलं. काकांच्या हातात पोह्यांची बशी होती, चमचा तोंडाकडं निघालेला. तो त्यांनी परत बशीत ठेवला आणि म्हणाले, "मारा बाथरूममां तो कशुं नथी, भाई." म्हणजे माझ्या न्हाणीघरात तर काहीच नाही. एवढंच. थोड्या वेळानं बशी खाली ठेवून ते उठून गेले. पोहे अर्धे तसेच.

मला त्यांची दया यायला हवी होती. मला वाटलं, बघा, पकडले गेले.

सोमवारी दुसऱ्या एका मुलीचा फोन आला आणि रसायनाचा डबा किती लिटरचा पाठवू, असं तिनं विचारलं.

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणं मी वरच्यांशी प्रेमानं बोलायला लागलो. तीनदा बोललो. पहिल्या वेळी मोबाइलवर तो चाळीस सेकंदांचा तुकडा दाखवला, दुसऱ्या वेळी थांबवून थांबवून दाखवला. काकांनी मला त्यांचं न्हाणीघर उघडून दिलं. ते इतकं कोरडं होतं की काकी तिथं पापड वाळवू शकल्या असत्या. मी तळहात ठेवून डोळे मिटले. काकी दाराशी उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे, भिंतीला धरून चालतात. त्यांनी काकांना हळूच विचारलं, "आ शुं करे छे?" हा काय करतोय? काका म्हणाले, "टीवीवाळुं." म्हणजे टीव्हीवरचं काहीतरी.

तिसऱ्या भेटीनंतरही ते मानेनात, तेव्हा मी प्रमुखांकडून सोसायटीची बैठक लावून घेतली आणि रंगाची तपासणी सुचवली. हीही गुरुजींचीच युक्ती. वरच्या न्हाणीघरात पाण्याची वाट बंद करायची, रंगीत पाणी साठवायचं, दिवसभर वापरायचं नाही. खाली रंग उतरला की गुन्हेगार सापडला. रंग तर माझ्याच हातातला. मिलमधून मी दोन रंगांचे नमुने आणले, एक गुलाबी आणि एक हिरवा. शनिवारी दुपारी आमच्याच बादलीत गुलाबी कालवून त्याचा जोर पाहिला. भिंतीवर तो नीट उठून दिसणार नाही असं वाटलं, म्हणून वर हिरवा न्यायचं ठरवलं आणि गुलाबी बादली आमच्या न्हाणीघरात रिकामी केली.

संध्याकाळी काकांच्या न्हाणीघरात जाळीत बोळा कोंबून मी घोटाभर हिरवं पाणी भरलं. चोवीस तास दार उघडायचं नाही, असं सांगितलं. त्यांच्याकडं दुसरं न्हाणीघर नाही. समोरच्यांकडं जाऊन या, असं मीच सुचवलं. काकी गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

रविवारी सकाळी उठलो तर टीव्हीखालच्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंच, छान गुलाबी डाग. मी ओरडलोच. बनियनवरच जिना उतरून शेजारच्या विंगमधल्या प्रमुखांना बोलावलं, वर जाऊन काकांना बोलावलं, येताना जो भेटला त्याला घेऊन आलो. साडेदहा वाजायला आले होते, पण त्या दिवशी टीव्ही लावायची मला गरज वाटली नाही. मीच त्याच्यासमोर उभा राहिलो.

प्रमुख वाकून बघत म्हणाले, "पण तुम्ही वर लीला रंग नाखला होता ना?" त्यांचं मराठी असंच, अर्धं गुजराती. लीला म्हणजे हिरवा.

त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी अठरा वर्षांचा अनुभव पणाला लावला. सिमेंटमध्ये क्षार असतात, चुन्यात क्षार असतात, स्लॅबमधून उतरताना क्षारांशी गाठ पडली की रंगाचा गुणधर्म बदलतो, हिरव्याचा गुलाबी होतो, मिलमध्ये आम्ही हे रोज बघतो, असं मी ठासून सांगितलं. मिलमध्ये हिरव्याचा गुलाबी झाला तर मला त्याच दिवशी घरी बसवतील. पण सगळे माना हलवत होते. काकांनीही हलवली. ते थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "तो पछी तोडी नाखीए." म्हणजे मग फोडून टाकू, माझं न्हाणीघर. ती खोटी गोष्ट त्यांनी खरी धरली, हे मला अजून आठवतं आणि आठवलं की मी उठून काहीतरी कामाला लागतो.

तेवढ्यात आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "काल तूच ती गुलाबी बादली मोरीमा वती ना रे, भाऊ?"

प्रमुखांना अहिराणी कळत नाही. त्यांनी विचारलं, "बा शुं कहे छे?"

मी म्हणालो, काही नाही.

माझी बायको या सगळ्या प्रकरणात महिनाभर गप्प होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पदराला पुसले, आणि आईचं वाक्य स्वच्छ गुजरातीत सांगितलं. शाळेत कच्च्या मुलाला सांगावं तसं, शब्द सुटा सुटा करून. काल, यांनीच, गुलाबी रंगाची बादली, आमच्या न्हाणीघरात, ओतली. मग विचारलं, "कळलं ना सगळ्यांना?"

सगळ्यांना कळलं. प्रमुख हसायला लागले आणि मग त्यांना खोकला लागला. काका हसले नाहीत. त्यांनी गुलाबी डागाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि जिना चढून गेले.

दुपारी बायकोनं वहीतला नंबर काढून प्लंबरला फोन केला. तो त्याच चपला घालून, तीच पिशवी घेऊन आला. वर यायच्या आधी त्यानं मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. आमचा मजला पहिला, खाली पार्किंग. तिथं आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली, छताला पपईएवढा गुलाबी डाग पडला होता. शेजारी जुन्या ओलीचे काळपट डाग होते, कितीतरी महिन्यांचे. मी रोज तिथूनच गाडी काढतो.

वर येऊन त्यानं माझी जाळी उचकटली. खालच्या पाइपाचा काठ चंद्रकोरीसारखा फुटला होता, माझ्या छिन्नीच्याच घावानं. त्यानं तो तुकडा काढून माझ्या हातात दिला. मी अहिराणीत म्हणालो, चूक झाली, भाऊ. त्यानं हिंदीत उत्तर दिलं, "कोई बात नहीं साहब, बाल्टी पकड़िए।" मी तासभर बादली धरून उभा राहिलो. काम करताना त्याचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले.

घडलेलं सगळं मी कार्यक्रमाला प्रामाणिकपणे लिहून कळवलं. ओल वरून नव्हती, आमचीच होती, तेवढं पुढच्या रविवारी सांगा, अशी विनंती केली. दोन मिनिटांत उत्तर आलं. त्यात माझे आभार होते आणि खाली डब्याचं चित्र.

मग वर जायचं राहिलं होतं. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही जाताय की आईंना पाठवू?" मी मिलमधून थोडं हायड्रो घेतलं. चढलेला रंग उतरवायला आम्ही ही पावडर वापरतो. ते घेऊन काकांच्या दारात उभा राहिलो. दार काकांनी उघडलं. आत या म्हणाले नाहीत, पण बाजूला झाले. त्यांच्या न्हाणीघराच्या फरशीच्या सगळ्या सांध्यांमध्ये हिरवा रंग जाऊन बसला होता. मी पँट दुमडून बसलो आणि दोन तास ब्रशनं घासलं. हायड्रोचा वास नाकात जात होता. सांधे बऱ्यापैकी पांढरे झाले. एक कोपरा हिरवाच राहिला. तो अजून आहे.

उठून बाहेर आलो तेव्हा काकी सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि मी त्यांचे तळवे पाहिले. टाचेपासून बोटांपर्यंत हिरवेगार. त्या रविवारी पहाटे समोरच्यांचं दार वाजवायला त्यांना संकोच वाटला होता, म्हणून काकांना न उठवता भिंत धरून त्या आपल्याच न्हाणीघरात गेल्या आणि माझ्या पाण्यात उतरल्या. काकांनी हे त्या सकाळी आमच्या हॉलमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. प्रमुखांनाही नाही.

मी म्हणालो, काकी, हे उतरेल, मी काहीतरी आणतो. त्यांनी पाय ओढून साडीखाली घेतले. "नको," त्या म्हणाल्या. ते एवढंच मराठी त्यांना येत असावं. मी तिथंच उभा होतो. माफी कुठल्या भाषेत मागावी ते सुचेना, म्हणून नुसते हात जोडले. त्यांनी काकांना चहा ठेवायला सांगितलं. मी कप तोंडाला लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाई, टीवी जोजो, पण अमने निरांते नाहवा देजो." टीव्ही बघा हो, पण आम्हाला निवांत आंघोळ करू द्या.

मी हो म्हणालो. चहा गरम होता तरी लगेच संपवला.

त्या आठवड्यात कामरेजला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. काकी मोजे घालून गेल्या, ऐन मे महिन्यात.